कराडहून ट्रायथलॉनला: छोटी शर्यत कशी शोधाल, कशी पारखाल

प्रश्न: मी ३९ वर्षांची, कराडला शिक्षिका आहे. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केली. गेल्या वर्षी पोहायला शिकले, आता टँकमध्ये ७५० मीटर २२ मिनिटांत होतं. गिअरची हायब्रिड सायकल आहे. ट्रायथलॉन करून बघायची फार इच्छा आहे, पण गोव्याची ती मोठी शर्यत अंतरालाही झेपणार नाही आणि खिशालाही. जवळपासची, फार गाजावाजा नसलेली, जिथे मजा येईल अशी शर्यत हवी आहे. अशा शर्यती कुठे सापडतात? आणि ती चांगली की नुसतीच पोस्टरबाजी, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, आधी अंतराचं दडपण बाजूला ठेवू. गोव्यात मिरामारला २०१९ पासून होते ती आयर्नमन ७०.३, म्हणजे १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी धावणं. ट्रायथलॉन म्हणजे एवढंच, असा समज आपल्याकडे पक्का झालाय, कारण पेपरात फोटो त्याचेच येतात. सिडनीच्या २००० सालच्या ऑलिंपिकपासून खेळली जाणारी ट्रायथलॉन १.५ किमी, ४० किमी आणि १० किमीची आहे. तिच्या निम्मी ती स्प्रिंट: ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. सुपर स्प्रिंट त्याहूनही लहान. तुमच्यासाठी स्प्रिंट. टँकमधले २२ मिनिटं उघड्या पाण्यात २४ ते २६ होतील, कारण तिथे दर २५ मीटरला भिंतीला पाय मारून मिळणारी फुकटची ढकल नसते आणि माणूस नागमोडी पोहतो. हायब्रिडवर २० किमीला ५० ते ५५ मिनिटं, ५ किमी धावायला ३२-३३, कपडे-बूट-हेल्मेटच्या अदलाबदलीला सात-आठ. दोन तासांत तुम्ही केळं सोलत बसलेल्या असाल. यवतेश्वरचा घाट धावून चढलेल्या माणसाला हे जड नाही.

आता शोधायचं कुठे. टाउनस्क्रिप्ट किंवा इंडिया रनिंगसारख्या नोंदणीच्या संकेतस्थळांवर ‘ट्रायथलॉन’ टाकलंत की मोठीच नावं वर येतील. त्याच जागी ‘डुएथलॉन’ (धावणं-सायकल-धावणं) आणि ‘ॲक्वाथलॉन’ (पोहणं आणि धावणं) टाकून बघा. या दोन्ही घेणारा आयोजक बहुतेक वेळा जोडीला स्प्रिंटही ठेवतो, किंवा पुढच्या वर्षी ठेवणार असतो. तरीही खरी माहिती संकेतस्थळावर कमी आणि माणसांकडे जास्त असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या टँकवरच्या पोहण्याच्या प्रशिक्षकांना विचारा. ज्या सायकल दुकानात आठ-दहा हजारांच्या पुढच्या गिअरच्या सायकली दुरुस्तीला येतात, तिथल्या मेकॅनिकला विचारा, कारण शर्यतीच्या आदल्या आठवड्यात सगळे त्याच्याकडेच येतात. बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या) करणाऱ्या २००-३०० किमीवाल्या सायकलस्वारांचे गट प्रत्येक शहरात आहेत आणि त्यांच्यातला एखादा तरी पोहत असतो. कराडहून तुम्हाला कोल्हापूर, सातारा, सांगली, पुणे ही चारही शहरं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत, तेव्हा चारही ठिकाणी एकेक ओळख काढून ठेवा. कोल्हापूरच्या राजाराम तलावावरची बर्गमन तुम्ही ऐकली असेल. तिच्या नावापुढचा ११३ हा आकडा म्हणजे १.९, ९० आणि २१.१ यांची बेरीज, तेव्हा तो गट तुमचा नाही. पण अशा शर्यतीसोबत लहान अंतराचे गटही ठेवले जातात. त्या वर्षीच्या माहितीत ते नीट बघा.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. विचारपूस गणपतीच्या आधीच सुरू करा.

शर्यत पारखायची तर सुरुवात मागच्या वर्षीच्या निकालापासून करा. पोस्टरवर ड्रोनचे फोटो कुणीही टाकतो, निकालाचं पान मात्र बरंच काही सांगून जातं. पहिल्या क्रमांकाच्या ७५० मीटर पोहण्याची वेळ बघा. जगातले उत्तम ट्रायथलीटही या अंतराला साडेआठ-नऊ मिनिटं घेतात. जिल्हा पातळीच्या शर्यतीत कुणी सात मिनिटांत बाहेर आलेला दिसला तर बोया (पाण्यात मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) वाऱ्याने सरकला होता किंवा अंतर मोजलंच नव्हतं. ५ किमी धावणं १४ मिनिटांच्या आत दिसलं तरी तोच अर्थ. आपल्याला विक्रम करायचा नाही हे खरं, पण ज्याला बोया नीट नांगरता येत नाही त्याची बाकीची तयारीही तशीच असायची. मग यादीच्या तळाशी जा. शेवटची बाई किती वेळात आली? तीन तास लागलेल्या माणसाचंही नाव आणि वेळ नोंदलेली असेल, तर आयोजक शेवटपर्यंत थांबतो. यादी पहिल्या तिघांवरच संपत असेल तर शेवटच्यांसाठी पाणीसुद्धा उरत नाही असं धरून चाला. पोहणं, सायकल, धावणं आणि मधल्या दोन अदलाबदली यांच्या वेळा वेगवेगळ्या दिल्या असतील तर टायमिंग चिपची व्यवस्था खरी होती.

यानंतर फोन. मेसेज करू नका, फोनच करा. उत्तर देताना माणूस अडखळतो की नाही हे कानाला कळतं. पहिला प्रश्न पाण्याचा: पाण्यात किती जण, किती बोटी, किती कयाक (वल्ह्याच्या छोट्या होड्या) आणि किती जीवरक्षक? ‘आमची पूर्ण व्यवस्था आहे’ हे उत्तर नाही, आकडा हवा. जोडीला विचारा की पाण्यात उतरणारे आणि बाहेर येणारे मोजतं कोण आणि कसे. टोपीवर किंवा दंडावर क्रमांक, उतरताना एकाची नोंद आणि बाहेर येताना दुसऱ्याची, असं काही ठरलेलं असलंच पाहिजे. या प्रश्नावर समोरचा गडबडला तर शर्यत सोडून द्या, मग पदक कितीही देखणं असो. बोटींमध्ये कयाक जास्त असलेल्या बऱ्या. मोटरबोट लागते, पण ती पोहणाऱ्यांच्या रांगेबाहेर उभी असावी. तिचा पंखा आणि धूर दोन्ही त्रासाचे.

पाण्याबद्दल आणखी थोडं, कारण छोट्या शर्यतींचा घोटाळा बहुतेक इथेच होतो. तलाव असेल तर गणपती विसर्जनानंतर किती दिवसांनी शर्यत आहे आणि विसर्जन त्याच तलावात होतं का, हे विचारा. मूर्तीच्या सांगाड्यातल्या तारा, बांबू आणि खिळे काठाजवळच्या गाळात राहतात आणि पोहणारे चालत उतरतात ते नेमके तिथूनच. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे आयोजकाने चटई किंवा काथ्या अंथरला पाहिजे. जलपर्णी असेल तर आदल्या दिवशी मार्ग साफ करतात का, वारा फिरला की ती परत येते हे त्यांना ठाऊक आहे का, तेही कळून घ्या. धरणाच्या पाण्यात शर्यत असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि त्या दिवशी विसर्ग नसल्याची खात्री हवी. आणि नदी असेल, तर सांगलीकडच्या कृष्णेत, भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. विनोद म्हणून सांगत नाही, तिथले मासेमार सांगतील. सरावालाही त्या पट्ट्यात उतरू नका, आणि कराडच्या संगमावरही एकट्याने नको.

समुद्रातली शर्यत निवडलीत तर तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हा हिशेब मुंबईकडचा आहे, दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते, म्हणून शर्यतीच्या दिवसाचं छापील कोष्टकही बघून घ्या. अष्टमीच्या आसपास सकाळी सातला शर्यत असेल तर दोन्ही गोष्टी तुमच्या बाजूने असतात. भरती नुकतीच पूर्ण होऊन पाणी जवळजवळ थांबलेलं असतं, आणि दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे, असल्यामुळे ओढ कमी असते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. सकाळी सातला पाणी जोरात चढत असतं आणि खाडीच्या तोंडाशी ते तुम्हाला बोयापासून बाजूला नेतं. मुंबईकडे उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं, सिंधुदुर्ग-गोव्याकडे साधारण त्याच्या निम्मं, त्यामुळे पहिल्या समुद्र-शर्यतीला दक्षिण कोकण बरा. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, तीत लहान अंतराचे गट असतात. ट्रायथलॉनच्या आधी नुसतं समुद्रात पोहून भीती घालवायची असेल तर याहून चांगली जागा सापडणं कठीण. जेलीफिशचा डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या पाण्याने किंवा वाळू चोळून तो वाढतो.

सायकलच्या मार्गाबद्दल तीन गोष्टी विचारा. रस्ता बंद आहे की वाहतूक चालू आहे? एकूण किती फेऱ्या? वळणावर माणूस उभा असतो का? २० किमीसाठी ५ किमीच्या चार फेऱ्या ऐकायला कंटाळवाण्या वाटतात, पण छोट्या आयोजकाला तेवढाच रस्ता नीट सांभाळता येतो आणि घरच्यांना तुम्ही दर फेरीला दिसता. महामार्ग ओलांडून जाणारा एकच लांब मार्ग असेल तर टाळा. फेऱ्या मोजायची जबाबदारी तुमची. हँडलला चिकटपट्टीचे चार तुकडे लावा, दर फेरीला एक काढून टाका (खिशात टाका, रस्त्यावर नको). एक फेरी कमी झाली की बाद, आणि मोजणाऱ्याशी वाद घालून उपयोग नसतो.

आपल्या भागात अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची. ट्रायथलॉनचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम एकच. नोव्हेंबरपासून पहाटेच्या अंधारात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो, आणि सांडलेल्या उसाच्या कांड्यांवरून सायकलचं पुढचं चाक घसरतं. मार्ग कारखान्याच्या वाटेवर आहे का, हे नकाशावर बघा. असेल तर शर्यत साडेसहानंतर, उजाडल्यावरच सायकल सुरू होईल अशी हवी. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो.

पैसे भरण्याआधी परतावा आणि पुढे ढकलण्याचा नियम लेखी घ्या. निवडणुकीची आचारसंहिता किंवा मंत्र्यांचा दौरा लागला की पोलीस बंदोबस्त तिकडे जातो, आणि आदल्या आठवड्यात परवानगी रद्द होते. यात आयोजकाचा दोष असतोच असं नाही. त्यामुळे लॉज बुक करताना रद्द करता येईल असाच करा. रुग्णवाहिका जागेवर उभी असेल की ‘फोन केला की येते’, तेही विचारा. आणि स्पष्ट विचारा: बायकांना कपडे बदलायला जागा आणि स्वच्छतागृह कुठे आहे? हा प्रश्न विचारायला संकोचू नका. ज्या शर्यतीत याचं उत्तर तयार असतं, तिथे मागच्या वर्षी बायका आल्या होत्या. तुम्ही मात्र तयारी अशी ठेवा की कपडे बदलायची वेळच येऊ नये. ट्रायसूट (पोहणं, सायकल, धावणं तिन्हीला चालणारा एकच पोशाख) परवडत नसेल तर पोहण्याच्या गुडघ्यापर्यंतच्या सूटवर धावण्याचा टी-शर्ट चढवला की काम भागतं. ओल्या अंगावर घट्ट टी-शर्ट गुंडाळला जाऊन अडकतो, म्हणून तो एक माप मोठा घ्या.

वयोगटाचंही विचारून ठेवा. आंतरराष्ट्रीय नियमात वय त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती भरतं ते धरतात. तुमची चाळिशी त्या तारखेआधी पूर्ण होत असेल तर तुम्ही वरच्या गटात जाल, आणि छोट्या शर्यतीत चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात दोन-तीन जणीच असतात. बक्षीस नाकारू नका.

तयारीला आठ आठवडे पुरतील. पोहणं तुमचं सर्वात नवं, म्हणून आठवड्यातले तीन दिवस त्याला द्या. २५ मीटरच्या टँकमध्ये ७५० मीटर म्हणजे ३० लांब्या. त्यातल्या १० लांब्या भिंतीला हात न लावता, दीड मीटर आधीच वळून पोहा, म्हणजे ढकलीची सवय सुटेल. दर आठ-दहा हातांमागे एकदा डोळे मगरीसारखे पाण्याच्या जेमतेम वर काढून समोरची खूण बघायची. डोकं पूर्ण उचललंत तर कंबर बुडते आणि वेग मरतो. एका लेनमध्ये तिघीजणी मुद्दाम चिकटून पोहा. शर्यतीत कुणाचा तरी हात पायाला लागणारच, तो पहिल्यांदा टँकमध्ये लागलेला बरा.

पहिल्या शंभर मीटरला दम लागून घाबरायला होतं, ते ताकद कमी पडल्यामुळे नसतं. शिट्टी झाली की सगळे सुसाट सुटतात, आपणही सुटतो, आणि श्वास सोडायचा राहून जातो. उपाय: कडेला उभ्या राहा, शिट्टीनंतर वीस आकडे मोजून निघा आणि पाण्यात तोंड असताना बुडबुडे काढत पूर्ण श्वास सोडा. ब्रेस्टस्ट्रोक चालतो, पाठीवर तरंगून थांबणं चालतं. कयाक धरून विश्रांती घेतलेलीही नियमात बसते, फक्त ती धरून पुढे सरकायचं नाही. गॉगल एक रंगीत, एक पारदर्शक न्या. परतीचा मार्ग पूर्वेकडे असेल तर सूर्य नेमका डोळ्यांत येतो आणि बोया दिसत नाही. त्यासाठी आदल्या दिवशीच बोयाच्या मागचं एखादं उंच झाड, पाण्याची टाकी किंवा देवळाचं शिखर हेरून ठेवा.

सायकल नवी घेऊ नका. हायब्रिडचे ३५-३८ मिमीचे खडबडीत टायर काढून २८ ते ३२ मिमीचे गुळगुळीत टायर लावले की तेवढ्याच ताकदीत वेग वाढलेला जाणवेल. रिमला ते बसतात का, मेकॅनिकला विचारा. हवा दगडासारखी भरू नका. साधारण वजनाला ३२ मिमीवर ५५ ते ६५ पीएसआय पुरे. आपल्या खडी उखडलेल्या रस्त्यांवर जास्त हवेने चाक उडतं, पकड जाते आणि हातही बधिर होतात. बाभळीच्या काट्यांसाठी दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि छोटा पंप सोबत ठेवा, आणि मागचं चाक काढून ट्यूब बदलणं घरी निदान तीनदा करा. बहुतेकांची पंक्चरमध्ये वाया जाणारी वेळ काटा न शोधण्यात जाते. काटा टायरमध्येच राहतो आणि नवी ट्यूबही दहा मिनिटांत पंक्चर होते. म्हणून आतून बोट फिरवून बघायचं, हळूच.

आठवड्यातून एकदा १५ किमी सायकलवरून उतरून लगेच २ किमी धावा. पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतील. पाऊण तास एकाच गोल लयीत फिरलेले स्नायू एकदम धावण्याची चाल पकडत नाहीत, म्हणून असं होतं. सायकलचं शेवटचं एक किलोमीटर हलक्या गिअरवर भराभर पाय फिरवलेत तर ते लवकर सुटतात.

अदलाबदलीच्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. छोट्या शर्यतीत तिथे बांबू बांधलेले असतात आणि सायकल सीटने त्यावर टांगायची असते. आपली जागा कितव्या रांगेत, कुठल्या टोकापासून कितवी, ते मोजून ठेवा. पाण्यातून बाहेर आल्यावर सगळ्या सायकली सारख्या दिसतात. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टा मोकळा, त्यात चष्मा. खाली छोटा टॉवेल, त्यावर बूट, बुटात मोज्यांमध्ये टाल्कम पावडर. ओला पाय कोरड्या मोज्यात नाहीतर जातच नाही. सर्वात महत्त्वाचा नियम हा: हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि सायकल परत टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. चढायची आणि उतरायची रेघ आखलेली असते, तिच्या आत सायकलवर बसायचं नाही. कानात इअरफोन नको, त्यावर बाद करतात. क्रमांक इलॅस्टिकच्या पट्ट्यावर लावा, सायकलवर पाठीमागे, धावताना फिरवून पुढे. दुसऱ्या सायकलच्या मागे चिकटून चालवायला बहुतेक हौशी शर्यतींत बंदी असते. मध्ये दहा-बारा मीटर सोडा, म्हणजे साधारण सहा-सात सायकलींची लांबी.

खाणं साधं. सुरुवातीच्या अडीच-तीन तास आधी केळं आणि ब्रेड-जाम, किंवा राजगिऱ्याचा लाडू. पोह्यांचं तेल आणि शेंगदाणे त्या सकाळी पोटाला जड जातात. सायकलवर अर्धा ते पाऊण लिटर पाणी, त्यात ओआरएस. पुडीवर २०० मिली लिहिलंय की एक लिटर, ते वाचा. लिटरची पुडी छोट्या बाटलीत घातली की मळमळ ठरलेली.

हे सगळं करूनही या हंगामात मनासारखी शर्यत मिळाली नाही, तर कराडच्या टँकवर स्वतःच घ्या. सहा-आठ जणी पुरेत. टँकच्या व्यवस्थापकाकडून रविवारी सकाळचा एक तास मागा, जीवरक्षक हजर असेल अशीच वेळ. ४०० मीटर पोहणं, १० किमी सायकल, २.५ किमी धावणं. महामार्ग आणि उसाचा रस्ता सोडून डावीकडेच वळत जाणारी एखादी फेरी निवडा, म्हणजे वाहतूक ओलांडावी लागत नाही. सगळ्या एकदम सोडू नका. प्रत्येकीची ४०० मीटरची नेहमीची वेळ आधी घ्या आणि सर्वात हळू पोहणारीला सर्वात आधी उतरवा. पाण्याबाहेर सगळ्या जवळपास एकाच वेळी येतात, आणि सायकलवर कुणी एकटी मागे पडत नाही. वेळ टिपायला दोन जणी, वळणावर दोन जणी, सायकली टांगायला टँकच्या बाहेरचं रेलिंग. शाळेची शिट्टी तुमच्याकडे असेलच.